टूर्निकेट आणि जीवघेणा रक्तस्राव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रथमोपचाराच्या वर्गात आणि वर्ग संपल्यावर निरोपांतून जे प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधी साधे प्रश्न आहेत, पुढे अवघड. तुमच्यासमोर आत्ता कोणाला भळाभळा रक्त येत असेल, तर हे वाचत बसू नका. रुग्णवाहिका बोलवा, जखमेवर कापड ठेवा आणि अंगातला सगळा जोर लावून दाबा.

१. टूर्निकेट म्हणजे नेमके काय?

हाताभोवती किंवा पायाभोवती आवळायचा रुंद, मजबूत पट्टा. त्याला एक छोटी दांडी असते. ती पिळली की पट्टा आवळत जातो आणि आतली धमनी हाडावर दाबली जाऊन बंद होते. धमनी बंद झाली की जखमेपर्यंत रक्त पोहोचतच नाही.

हा शब्द फ्रेंच आहे आणि त्याच्या मुळाशी ‘फिरवणे’ ही क्रिया आहे. दांडी घालून दोरी पिळण्याची युक्ती १६७४ मध्ये एतिएन मोरेल या फ्रेंच लष्करी शल्यचिकित्सकाने वेढ्यातल्या जखमी सैनिकांवर वापरली, असे मानले जाते. पुढे १७१८ मध्ये झाँ लुई पती यांनी स्क्रू फिरवून आवळायचे यंत्र केले. आजचे पट्टे प्लॅस्टिकचे आणि नायलॉनचे आहेत, पण तत्त्व तेच आहे.

२. रक्त तपासायला देताना दंडाला रबर बांधतात, तेच का हे?

नाव एकच असले तरी काम अगदी वेगळे. तिथे फक्त शिरा दाबायच्या असतात. शिरा वरवर असतात आणि त्यांच्यात दाब कमी असतो, त्यामुळे थोडे आवळले तरी परत जाणारे रक्त अडते. धमनी मात्र चालूच राहते, म्हणून शीर टरारून फुगते आणि सुई घालणे सोपे जाते.

जखमेच्या बाबतीत नेमके हेच होऊ द्यायचे नाही. जखमेवर बांधलेला पट्टा सैल राहिला, तर धमनीतून रक्त आत येत राहते, परतीची वाट बंद होते आणि जखमेतून रक्त आधीपेक्षा जास्त वाहते. ‘थोडे तरी आवळलेले बरे’ हा विचार इथे घातक आहे (प्रश्न ७ पाहा).

३. रक्त जीवघेणे वाहते आहे हे कसे ओळखायचे? मला तर थोडे रक्त पाहिले तरी धडकी भरते.

धडकी भरणे स्वाभाविक आहे. थोडे रक्तही फरशीवर पसरले की खूप वाटते. म्हणून किती सांडले याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा ते *कसे* वाहते आहे ते पाहा. चिळकांडी उडत असेल किंवा धार थांबतच नसेल. जमिनीवर थारोळे साचून वाढत असेल. कपडे भिजून रक्त निथळत असेल. बांधलेली पट्टी लगोलग लाल होऊन टपकू लागली असेल. हात किंवा पाय तुटला असेल, तर ते जीवघेणे समजा. यातले एक लक्षण पुरेसे आहे.

माणसाकडेही पाहा. तो पांढराफटक पडला, दरदरून गार घाम फुटला, असंबद्ध बोलू लागला किंवा पेंगू लागला, तर बरेच रक्त गेलेले आहे. प्रौढाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असते. त्यातले ३० ते ४० टक्के, म्हणजे दीड ते दोन लिटर गेले की रक्तदाब कोसळू लागतो. मांडीतली मोठी धमनी पूर्ण कापली गेली तर इतके रक्त जायला काही मिनिटे पुरतात. रुग्णवाहिका एवढ्या वेळात सहसा पोहोचत नाही, आणि म्हणूनच शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे हात इतके महत्त्वाचे ठरतात.

४. आधी दाबायचे की थेट टूर्निकेट लावायचे?

बहुतेक जखमा नुसत्या दाबाने थांबतात, अगदी खोल दिसणाऱ्यासुद्धा. म्हणून आधी दाबा. दाबणे म्हणजे जखमेवर कापड धरून ठेवणे नव्हे. माणसाला जमिनीवर आडवे करा, गुडघ्यांवर बसा, कोपरे ताठ ठेवा आणि दोन्ही तळहातांवर आपले वजन टाका. मऊ गादीवर झोपवून दाबलेत तर अर्धा जोर गादीच खाऊन टाकते. दर अर्ध्या मिनिटाला कापड उचलून ‘थांबले का’ पाहू नका. नुकती धरू लागलेली गुठळी त्याने निघून येते.

थेट टूर्निकेट तीन प्रसंगी. जखम हाता-पायाची आहे आणि जोर लावून दाबूनही रक्त थांबत नाही. रक्त इतक्या वेगाने जाते आहे किंवा हात-पाय तुटला आहे की दाबून पाहण्यात वेळ घालवणे परवडणारे नाही. किंवा जखमी अनेक आहेत, तुम्ही एकटे आहात, आणि एकाच जखमेवर हात धरून बसलात तर दुसरा जाईल.

५. पट्टा नेमका कुठे बांधायचा?

जखमेच्या वर, म्हणजे हृदयाच्या बाजूला, ५ ते ७ सेंटिमीटर अंतर सोडून. जखमेवर नाही, आणि कोपर, गुडघा, मनगट किंवा घोटा अशा सांध्यावर नाही, कारण तिथे धमनी हाडांच्या खोबणीत सुरक्षित राहते. जखम गुडघ्याला लागून असेल तर पट्टा मांडीवर घ्या.

कपडे रक्ताने माखलेत, अंधार आहे, जखम नेमकी कुठे ते कळत नाही, अशा वेळी हात किंवा पाय जितका वर धरता येईल तितक्या वर, काखेजवळ किंवा जांघेजवळ, कपड्यांवरूनच बांधा. तेवढे मात्र खिसे चाचपा. पट्ट्याखाली किल्ल्या किंवा फोन राहिला तर तो आवळणारच नाही.

‘पोटरीत आणि हाताच्या खालच्या भागात दोन हाडे असतात, धमनी त्यांच्यामध्ये लपते, म्हणून तिथे बांधून उपयोग नाही’ असे पूर्वी शिकवत. अनुभव तसा नाही. चांगला पट्टा तिथेही काम करतो.

६. बांधायचा कसा? पायऱ्या सांगा.

पट्टा वर सरकवा, किंवा उघडून भोवती घ्या आणि बकलमधून ओवा. मग दांडीला हात न लावता पट्टाच जोरात ओढा, इतका की त्याच्या खाली तीन बोटांची टोके शिरता कामा नयेत. ही पायरी लोक हमखास उरकून टाकतात आणि पुढे पस्तावतात. पट्टा ढिला राहिला असेल तर दांडी कितीही पिळली तरी आधी तो ढिलेपणाच गोळा होत राहतो.

आता दांडी पिळा, रक्त थांबेपर्यंत. थांबले की दांडी तिच्या खाचेत अडकवा, वरची पट्टी लावा आणि वेळ लिहा. कागद शोधू नका. पट्ट्यावर, नाहीतर कपाळावर पेनाने ‘टी’ आणि घड्याळातली वेळ लिहिली तरी चालते. पट्टा झाकू नका, तो दिसला पाहिजे.

७. किती घट्ट म्हणजे घट्ट? दर वेळी हाच संभ्रम होतो.

उत्तर मोजमापात नाही. जखमेतून येणारे रक्त थांबेपर्यंत आणि पट्ट्याखालची नाडी लागेनाशी होईपर्यंत.

वर्गात मी तिघातिघांचे गट करून हेच करून घेते. एकाने दुसऱ्याच्या दंडावर पट्टा बांधायचा आणि तिसऱ्याने मनगटावर नाडी धरून बसायचे. पहिला अर्धा फेरा झाला की बांधणारा विचारतो, ‘थांबली?’ नाडी धरलेली व्यक्ती मान हलवते, नाही. आणखी अर्धा फेरा. ज्याच्या दंडावर पट्टा आहे त्याचा चेहरा आक्रसतो, बांधणाऱ्याचा हात तिथेच थबकतो. बहुतेक जण इथेच थांबतात. मनगटावरची बोटे मात्र सांगत असतात की नाडी अजून उडते आहे. मग मी म्हणते, अजून. पुढच्या अर्ध्या फेऱ्यानंतर नाडी एकदम नाहीशी होते, तळहात फिकट पडतो, आणि तिसरी व्यक्ती जराशी दचकून म्हणते, ‘गेली.’

थबकण्याची ती जागा आणि नाडी जाण्याची जागा यांच्यात जो अर्धा-एक फेरा आहे, तो दयेपोटी राहून जातो. खऱ्या प्रसंगात जीव तिथेच अडकतो. अर्धवट आवळलेल्या पट्ट्याखाली हात निळा-जांभळा पडून फुगतो आणि जखम अधिक वाहते. नीट आवळलेल्या पट्ट्याखालचा हात फिका आणि गार असतो.

दोन बारकावे. हाडाच्या पोकळीतून किंचित रक्त पाझरत राहू शकते, ते धारेसारखे वाहत नसेल तर काळजी नको. आणि हात-पाय तुटलेला असेल तर खाली नाडी पाहायला जागाच नसते, तिथे फक्त रक्त थांबले का एवढेच पाहायचे.

८. जखमी माणूस ओरडतो आहे, ‘सोडा, सोडा’ म्हणतो आहे. सोडायचे का?

नाही. नीट बांधलेले टूर्निकेट खूप दुखते आणि जसजसा वेळ जातो तसतसे आणखी दुखते. कधी जखमेपेक्षाही जास्त. दुखते आहे म्हणजे चुकले असा अर्थ काढू नका.

त्याच्याशी बोलत राहा. ‘दुखतंय, मला कळतंय. हा पट्टा तुझा जीव वाचवतोय. डॉक्टर येईपर्यंत मी इथेच आहे.’ तो स्वतःच हात नेऊन दांडी सोडवू पाहील, तर त्याचा हात हातात धरून बसा.

९. टूर्निकेट बांधले की हात किंवा पाय कापावाच लागतो ना?

हा समज खोटा आहे, आणि या एका समजापायी लोक डोळ्यांसमोर रक्त वाहू देतात.

तो आला कुठून? जुन्या युद्धांतून. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकाला शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत आणायला कित्येक तास लागत. बांधायला असे दोरी, वायर, अरुंद रबर. तेवढ्या वेळात पट्ट्याखालचा भाग मरून जाई आणि दोष टूर्निकेटच्या माथी बसे. पुढे कित्येक दशके प्रथमोपचारात ‘अगदी शेवटचा उपाय’ म्हणून त्याची भीती घातली गेली.

चित्र पालटले ते इराकच्या युद्धात. २००६ मध्ये बगदादच्या लष्करी रुग्णालयात जॉन क्राग या अमेरिकी शल्यचिकित्सकाने टूर्निकेट लावलेल्या जखमींची पद्धतशीर नोंद ठेवली. त्यातली २३२ जखमींची माहिती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. एकूण ३०९ हाता-पायांवर ४२८ टूर्निकेट लागली होती, आणि निव्वळ टूर्निकेटमुळे कापावा लागलेला हात किंवा पाय एकही नव्हता. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा आकडा. रक्त जाऊन माणूस शॉकमध्ये (रक्तदाब कोसळून अवयवांना रक्त न पुरण्याच्या अवस्थेत) जाण्याआधी पट्टा लागला, त्यांच्यातले ९० टक्के वाचले. शॉकमध्ये गेल्यावर लागला, त्यांच्यातले १० टक्के.

पट्टा तोच, माणसेही तशीच. फरक पडला तो पट्टा कधी लागला यामुळे.

धोका शून्य आहे असे मात्र मी म्हणणार नाही. पट्टा फार तास राहिला तर इजा होतेच. अलीकडे युक्रेनच्या युद्धात जखमींना मागे आणायला तासन्‌तास लागले आणि पट्टे तसेच राहिल्याने अवयव गमवावे लागले, हे तिथल्या लष्करी डॉक्टरांनी लिहून ठेवले आहे. वेळेचे गणित पुढच्या उत्तरात आहे.

१०. आम्हाला दर १५-२० मिनिटांनी पट्टा सैल करायला शिकवले होते. तो किती वेळ ठेवता येतो?

ते शिकवणे आता बाद झाले आहे. कृपया विसरून जा.

सैल केला की प्रत्येक वेळी थोडे रक्त जाते. ‘थोडे’ असे चार वेळा झाले की माणूस जातो. शिवाय धरलेली गुठळी निघते आणि पुन्हा आवळताना पट्टा पहिल्यासारखा बसेलच असे नाही. अवयवाला ‘थोडे रक्त पाजले’ म्हणून त्याचे आयुष्य वाढते, असेही नाही.

साधारण २ तासांपर्यंत टूर्निकेट सुरक्षित मानतात. ऑपरेशन थिएटरमध्येही हाता-पायाच्या शस्त्रक्रियेत हवेने फुगवायचा पट्टा साधारण तेवढाच वेळ ठेवतात. त्यानंतर स्नायू आणि नसा यांची इजा वाढत जाते. ६ तासांपुढे स्नायू बहुतांशी गेलेले असतात, आणि अशा वेळी पट्टा एकदम सोडला तर मेलेल्या स्नायूंत साचलेले पोटॅशियम आणि आम्ले रक्तात उसळून हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून पट्टा कोणी काढायचा याचे उत्तर एकच: डॉक्टर किंवा प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचारी. लिहून ठेवलेली वेळ (प्रश्न ६) त्यांनाच कामी येते. ती पाहून ते ठरवतात की पट्टा काढून दाबपट्टी लावून पाहायची की थेट शस्त्रक्रियेला घ्यायचे.

११. एक बांधला, पूर्ण पिळला, तरी रक्त येतेच आहे. आता?

आधी पाहा, पट्टा ढिला राहिला होता का. तसे असेल तर दांडी सोडून, पट्टा ओढून पुन्हा पिळा. बरोबर असेल तर पहिला तसाच ठेवा आणि दुसरा त्याच्याच शेजारी, वरच्या बाजूला बांधा. जाड मांडीला एक पट्टा पुरत नाही असे बरेचदा होते. दोन पट्टे शेजारी आले की दाब रुंद भागावर पसरतो आणि धमनी बंद होते.

दुसरा पट्टा नसेल तर जखमेत कापड कोंबा आणि दाबा (प्रश्न १३).

१२. तयार टूर्निकेट जवळ नसेल तर कमरेचा पट्टा, दोरी, रुमाल चालेल का?

दोरी, वायर, बुटाची नाडी: नको. अरुंद वस्तूने धमनी बंद करायला फार जास्त दाब लागतो, आणि तो दाब कातडी व नसा चिरत जातो.

कमरेचा पट्टा लोकांना सोयीचा वाटतो, पण जाड चामडे पिळले जात नाही आणि नुसते ओढून पुरेसा दाब येत नाही. २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनच्या बॉम्बस्फोटांनंतर घटनास्थळी २७ टूर्निकेट बांधली गेली, तीही हाताला लागेल त्या वस्तूंची. नंतर तपासणाऱ्या डॉक्टरांनी तयार पट्टे आणि प्रशिक्षण यांचा आग्रह धरला. अमेरिकेत २०१५ मध्ये सामान्य नागरिकांसाठी ‘स्टॉप द ब्लीड’ मोहीम सुरू झाली, तिच्यामागे हाच विचार होता.

म्हणून तयार पट्टा नसेल तर पहिली पसंती हाताच्या दाबाला आणि जखम कोंबण्याला द्या. तेवढ्याने थांबत नसेल आणि दुसरा मार्गच उरला नसेल, तर निदान ५ सेंटिमीटर रुंदीची कापडाची मजबूत घडी दोनदा गुंडाळा, गाठ मारा, गाठीवर न मोडणारी दांडी ठेवून पुन्हा गाठ मारा, पिळा, आणि दांडीचे टोक दुसऱ्या कापडाने अवयवाला बांधून टाका. पेन किंवा पेन्सिल घेऊ नका, ऐन वेळी मोडते. दांडीशिवाय नुसते बांधलेले कापड म्हणजे प्रश्न २ मधला रबराचा पट्टाच.

१३. जखम जांघेत, काखेत, मानेला किंवा पोटाला असेल तर?

जांघ, काख, खांद्याचा सांधा आणि मानेचे बूड इथे पट्टा बसत नाही. तिथे जखम *कोंबायची* असते. गॉज किंवा स्वच्छ कापडाची लांब पट्टी घ्या, बोटाने जखमेत खोलवर, जिथून रक्त येते आहे तिथपर्यंत न्या आणि दुसऱ्या बोटाने मागून आणखी सारत राहा. जखम भरून कापड वर आले की दोन्ही हातांनी दाबा. केओलिन किंवा कायटोसान लावलेले रक्त गोठवणारे गॉज असेल तर किमान ३ मिनिटे, साधे असेल तर किमान १० मिनिटे. मध्ये हात काढायचा नाही.

बोट जखमेत घालायची कल्पना अंगावर काटा आणते हे मला माहीत आहे. पहिल्यांदा केले तेव्हा माझेही हात थरथरत होते. आत गरम रक्ताची धार बोटाला जाणवते, आणि कापड बरोबर जागी गेले की ती धार बोटाखाली मंदावल्याचेही जाणवते. ती खूण धरून दाबत राहायचे.

छाती आणि पोटाच्या जखमेत काही कोंबू नका. आतला रक्तस्राव बाहेरून थांबत नाही, तिथे शस्त्रक्रियागृहात लवकर पोहोचणे हाच उपचार. मानेभोवती पट्टा कधीही नाही.

१४. लहान मुलांना टूर्निकेट लावता येते का?

शाळकरी मुलांना लावता येते, पद्धत तीच. अगदी लहान मुलाचा हात इतका बारीक असतो की मोठ्यांचा पट्टा भोवती आवळला जात नाही. तिथे दाबणे आणि कोंबणे यांवर भर द्या, मुलाच्या बारीक हाडांवर तेवढ्याने सहसा भागते. मात्र उशीर करू नका. मुलाच्या अंगात रक्तच कमी असते. १० किलोच्या बाळात सुमारे ८०० मिलिलिटर.

१५. बोट, हात किंवा पाय तुटून वेगळा झाला तर?

हात किंवा पाय तुटला असेल तर रक्त येत नसले तरी टूर्निकेट बांधा. तुटलेल्या धमन्या सुरुवातीला आकुंचन पावून आत ओढल्या जातात, त्यामुळे फसवी शांतता दिसते. काही वेळाने त्या सैलावतात आणि लोट सुरू होतो. बोटाला टूर्निकेट लागत नाही, दाब पुरतो.

तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, कोरड्या प्लॅस्टिक पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ व पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. बर्फ थेट लागू देऊ नका. पण आधी माणूस, मग हे सगळे.

१६. काच किंवा सळई रुतली आहे. काढून मग बांधू का?

काढू नका. कित्येकदा तीच धमनीला बूच लावून बसलेली असते. दोन्ही बाजूंनी कापडाच्या घड्या ठेवून ती हलणार नाही असे करा. हाता-पायात असेल आणि रक्त जोरात जात असेल, तर तिच्या वर टूर्निकेट बांधा.

१७. घरात रक्त पातळ करणारी गोळी घेणारे, डायलिसिसवर असलेले, पायांच्या शिरा फुगलेले रुग्ण आहेत. त्यांच्यासाठी नियम वेगळे का?

गोळी घेणाऱ्यांसाठी नियम तेच, फक्त दाबायचे जास्त वेळ. रुग्णवाहिकेतल्या लोकांना गोळीचे नाव आवर्जून सांगा.

डायलिसिसच्या फिस्टुलातून (सुई घालण्यासाठी हातात धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेतून) रक्त आले तर ते धमनीच्या जोराने येते आणि घाबरवून सोडते, पण भोक लहान असते. नेमक्या त्या भोकावर एक-दोन बोटांनी घट्ट दाबा आणि हात वर धरा. मोठा टॉवेल गुंडाळू नका. त्यात रक्त जिरत राहते आणि नेमक्या जागी दाब येत नाही. लगेच रुग्णवाहिका बोलवा. टूर्निकेट इथे अगदीच नाइलाज झाला तर.

फुगलेली शीर फुटली तर थारोळे मोठे दिसते, पण दाब शिरेचाच असतो. आडवे करा, पाय उंच धरा, बोटाने दाबा. टूर्निकेट नको. अर्धवट आवळले गेले तर उलट वाढेल.

१८. साप चावल्यावर टूर्निकेट बांधावे का?

नाही. हा प्रश्न सतत येतो, म्हणून स्पष्ट सांगते. इथे रक्त जात नसते, आणि विष थांबवण्यासाठी धमनी बंद करणे म्हणजे चांगला अवयव पणाला लावणे. विष त्या भागात कोंडून तिथले मांस सडवू शकते. दागिने काढा, घड्याळ काढा, अवयव हलू देऊ नका, चालायला लावू नका आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्या.

कोणीतरी आधीच घट्ट बांधून आणले असेल तर वाटेत सोडू नका. अडलेले विष एकदम शरीरभर जाऊ शकते. ते रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखत सुटले पाहिजे.

१९. मी एकटा आहे आणि जखम माझ्याच हाताला आहे.

जमेल, सराव असेल तर. पट्ट्याचे कडे आधीच करून ठेवलेले हवे, म्हणजे हात आत सरकवून दुसऱ्या हाताने ओढता येते. पट्ट्याचे टोक दातांत धरा. काही मिनिटांत भोवळ येऊ शकते, म्हणून बांधण्याआधी नव्हे, तर *बांधता बांधता* ओरडून मदत मागा, फोन स्पीकरवर टाका आणि जमिनीवर बसून घ्या.

२०. विकत घेताना काय पाहावे? स्वस्तात मिळतात ते चालतील का?

पट्टा साधारण ४ सेंटिमीटर रुंद, दांडी मजबूत, आणि पिळल्यावर ती अडकवायला खाच असलेली. कॅट आणि सॉफ्ट-टी ही दांडीवाली टूर्निकेट बरीच वापरली आणि तपासली गेली आहेत. कॅटच्या हुबेहूब नकला मात्र बाजारात भरपूर आहेत. त्यांची दांडी पिळताना वाकते किंवा मोडते, शिवण उसवते. किंमत संशयास्पद कमी असेल तर घेऊ नका, आणि विक्रेता अधिकृत आहे का ते उत्पादकाकडून तपासा.

सरावाचा पट्टा वेगळा ठेवा. वारंवार पिळून ताणला गेलेला पट्टा खऱ्या प्रसंगी वापरू नये. खरा पट्टा वेष्टनातून काढून, कडे करून, हाताशी ठेवा. उन्हात तापणाऱ्या गाडीच्या काचेखाली नको, प्लॅस्टिक ठिसूळ होते.

२१. रुग्णवाहिका येईपर्यंत आणखी काय करावे?

माणसाला गार पडू देऊ नका. शरीर थंड झाले की रक्त गोठण्याची क्रियाच मंदावते. ओले कपडे काढा, खाली आणि वर पांघरूण घाला, पट्टा मात्र उघडा ठेवा. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून खायला-प्यायला काही देऊ नका. जखमेत कसलीही पूड टाकू नका. मिळाले तर हातमोजे घाला, नाहीतर प्लॅस्टिकची पिशवी हातात घाला आणि नंतर साबणाने हात धुवा. दर थोड्या वेळाने पट्टा पाहा. माणसाला हलवताना, किंवा रक्तदाब सावरल्यावर, थांबलेले रक्त पुन्हा येऊ शकते. आले तर आणखी आवळा, नाहीतर प्रश्न ११.

२२. घाईत बांधले आणि नंतर लक्षात आले की जखम एवढी मोठी नव्हती. आता काढू का?

काढू नका. वेळ लिहिली आहे ना, मग तसेच राहू द्या. आपत्कालीन फोनवर किंवा आलेल्या कर्मचाऱ्यांना स्पष्ट सांगा: ‘इतक्या वाजता बांधले, जखम अशी अशी आहे, कदाचित गरज नव्हती.’ पट्टा काढून दाबपट्टी लावणे त्यांना येते, आणि पुन्हा रक्त आले तर काय करायचे याची तयारीही त्यांच्याकडे असते. २ तासांच्या आत ते पोहोचले तर त्या पट्ट्यामुळे कायमची इजा होण्याची शक्यता फार कमी असते. मदत पोहोचायला त्याहून बराच वेळ लागणार असेल, तर फोनवरच्या डॉक्टरांना तसे सांगा आणि ते सांगतील तसेच करा.